तुळयांवरचं पिवळं

टेल्से : मीटरला टिचक्या मारून आकडा खाली येत नसतो, गेबहार्ट.

गेबहार्ट : टिचक्या नव्हे, हलकेच टकटक करत होतो. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात भट्टीचा काटा असाच अडकायचा. दोनदा वाजवलं की सुटायचा.

टेल्से : दातांची भट्टी वेगळी आणि आपलं शेणगॅसचं इंजिन वेगळं. इकडे बघ. सहाशे चाळीस. हा गॅसमधल्या गंधकाच्या वायूचा आकडा. सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तोच वायू. आजोबा हॉस्पिटलात जायच्या आधी हा शंभराच्या वर गेलेला मी पाहिला नाही. दोनशेच्या वर गेला की इंजिनातलं तेल आंबायला लागतं, आणि मग ते इंजिनाला आतून कुरतडत बसतं.

गेबहार्ट : पण इंजिन तर छान चाललंय. आवाजसुद्धा बदललेला नाही.

टेल्से : कारण मध्ये कोळशाची गाळणी आहे. सगळी घाण ती गिळते. पण तिलाही पोट आहे की नाही? भरत आलंय. ती भरली की इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे त्याच्या उष्णतेवर तापणारं गावाचं गरम पाणी बंद. म्हाताऱ्या थडेन बाईंची खोली गार, पोहण्याचा तलाव गार, शाळा गार. शाळेचं एक वेळ चालेल मला.

गेबहार्ट : कोबीमुळे असेल. शेजारचा हार्डर रोज ट्रॉलीभर पानं टाकून जातोय. कोबीत गंधक असतं, असं तूच म्हणाली होतीस.

टेल्से : म्हणालेच होते. पण अख्ख्या डिथमार्शन जिल्ह्यात सप्टेंबर म्हणजे कोबीच. दरवर्षी काढणी होते, दरवर्षी हार्डरची पानं आपल्या टाकीत पडतात. आकडा जरा चढतो आणि मग पिवळी मंडळी तो खाऊन टाकतात. या वर्षी त्यांना काय धाड भरलीय कळत नाही.

गेबहार्ट : कोण पिवळी मंडळी?

टेल्से : जिवाणू रे. दुसऱ्या टाकीत, छताखाली. त्या लाकडी तुळया आहेत ना आडव्या, त्यांच्यावर राहतात. हा बारका पंप दिसतो? हा आत चिमटीभर हवा सोडतो. त्या हवेवर ते जगतात, सडका वायू खातात आणि मागे नुसतं कोरडं गंधक टाकतात. वर्षानुवर्षं साचून त्याचा थर झालाय. बोटभर जाड, पिवळाधम्मक, खालून लोंबतो. गेबहार्ट? तुला बरं नाही का?

गेबहार्ट : खडबडीत असतो तो?

टेल्से : हो.

गेबहार्ट : म्हणजे साधारण, दातांवर कीटण धरतं तसा?

टेल्से : तू कुठे पाहिलास? ती टाकी बंद असते. नाही. गेबहार्ट, नाही. नाही म्हण.

गेबहार्ट : ऑगस्टमध्ये आतली ढवळणी तुटली म्हणून टाकी रिकामी केली होती. छत काढलेलं होतं. कारागीर दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि मी नुसताच उभा होतो. तुझी आई ट्रॅक्टरवर, तू ट्रॅक्टर शिकायला, हार्डरसुद्धा कामात. या घरात कुत्र्यालासुद्धा काम आहे.

टेल्से : तू धुतल्यास.

गेबहार्ट : आधी खरवडल्या. मग जोराच्या फवाऱ्यानं धुतल्या. आणि सांधे राहिले होते ते ब्रशनं.

टेल्से : ब्रशनं!

गेबहार्ट : छोट्या. वापरलेल्याच. टेल्से, लाकूड खाली इतकं सुंदर निघालं! मी फोटो पाठवला होता सगळ्यांना. तू त्यावर अंगठा दिला होतास.

टेल्से : मी परवान्याच्या परीक्षेला निघाले होते! न बघता दिला! सगळेच न बघता देतात! आईनं?

गेबहार्ट : बदाम पाठवला होता.

टेल्से : तिनंही बघितलं नसणार. अरे, पण अशी कशी रे तुम्ही दक्षिणेकडची माणसं! आई म्हणते ते काही खोटं नाही. तुमच्या हातात झाडू दिला की तुम्ही जिना झाडता, जिना संपला की फुटपाथ झाडता, आणि फुटपाथ संपला की शेजाऱ्याचा.

गेबहार्ट : आमच्या इमारतीत पाटी असायची. या आठवड्यात ज्याच्या दाराला पाटी, त्यानं जिना झाडायचा. माझी आई पाटी नसतानासुद्धा पडद्याआडून बघायची, पलीकडचीनं कोपरे झाडले की नाही. ते रक्तात उतरतं. जिवंत होते ते?

टेल्से : गावंच्या गावं होती. तू गावंच्या गावं धुऊन काढलीस. आणि तो सगळा पिवळा माल कुठे गेला?

गेबहार्ट : बादल्यांमध्ये भरून ठेवलाय. गोठ्यामागे. टाकवेना. गंधक गुलाबांना चांगलं, असं ऐकलं होतं. तुझ्या आईच्या गुलाबांना घालणार होतो, वाढदिवसाच्या आधी.

टेल्से : मी हसू की रडू?

गेबहार्ट : तू जे करशील ते जरा हळू कर. कारण मला आता निघायला हवं. हायडेहून संध्याकाळची गाडी आहे.

टेल्से : कसली गाडी?

गेबहार्ट : रेल्वे. बॅग अंगणातल्या मोटारीत मागच्या सीटवर ठेवली आहे. हे आत्ता कळलं म्हणून नव्हे, सकाळीच भरली. तुझे आजोबा उद्या घरी येणार म्हणून.

टेल्से : म्हणजे ते येणार आणि तू जाणार? हा काय सी-सॉ आहे?

गेबहार्ट : मी त्यांना हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो. फुलं नेली नाहीत, सॉसेज नेलं. तासभर बसलो. ते म्हणाले, ‘राउशरसाहेब, खिडकी लावा.’ मी लावली. निघताना म्हणाले, ‘राउशरसाहेब, खिडकी उघडा.’ झालं संभाषण. आणि सॉसेज त्यांनी शेजारच्या पेशंटला दिलं.

टेल्से : कारण त्यांना ते चावत नाही! कवळी टोचते डावीकडे. पावाचा कडक भाग चहात बुडवून खातात आणि सांगतात की असाच आवडतो.

गेबहार्ट : ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. म्हटलं, मी बघू का, माझं तेच काम आहे. त्यांनी तोंड असं मिटलं, की दोन दिवस माझ्यासमोर काही खाल्लंच नाही. टेल्से, तू मला सांग, ते पाद्रीबुवांना काय म्हणतात?

टेल्से : तू म्हणतात. बँकेच्या मॅनेजरला तू म्हणतात. मंत्री आला होता कोबीच्या जत्रेला, त्याला म्हणाले, ‘तू बाजूला हो, ट्रॉली यायचीय.’

गेबहार्ट : आणि मला तुम्ही. तुझ्या आईबरोबर इथे राहायला आलो त्याला वर्ष होत आलं. घरात त्यांच्या मुलाची जागा रिकामी आहे आणि मी त्या खुर्चीवर बसतो. मी खुर्ची बदलून पाहिली, तर तीसुद्धा त्याचीच निघाली.

टेल्से : बाबा हाम्बुर्गला गेला त्याला सहा वर्षं झाली. त्यानं स्वतः उठून खुर्ची रिकामी केली. आई आजोबांची सून, तिनं खरं तर जायचं, पण ती राहिली. आणि आता ऐक. आई हल्ली सकाळी गुणगुणते. बेसूर. भयंकर बेसूर, गाईंचं दूध आटेल असं. पण गुणगुणते. तू गेलास तर ते बंद होईल, आणि मग मला सकाळी त्या शांततेत पाव खावा लागेल. मी खाणार नाही.

गेबहार्ट : तू समजून घे. मी राहून आता काय सांगू त्यांना?

टेल्से : काही सांगायचं नाही. मी सांगते. कोबी. या वर्षीचा कोबीच तसला. मी आता मोठी आहे, माझ्याकडे परवाना आहे, मी बघते सगळं. ती कुणाची गाडी आली?

गेबहार्ट : टॅक्सी दिसते.

टेल्से : त्यातून कुबड्या येताहेत बाहेर. आजोबा! उद्या यायचे होते ना तुम्ही!

आजोबा : उद्या हॉस्पिटलात जेवायला मासा होता. मॉइन.

गेबहार्ट : मॉइन मॉइन, क्लाउसेनसाहेब.

आजोबा : नमस्कार एकदा म्हटला तरी पोचतो.

टेल्से : आजोबा, आधी घरात चला, पाय वर करून बसा, आई बाजारातून येईलच. कंबर कशी आहे? नवा सांधा कुरकुरतो का? चहा टाकू?

आजोबा : तू फार बोलतेस. आकडा किती?

टेल्से : कसला?

आजोबा : मी टॅक्सीतून उतरलो तर अंगणात वास. आकडा.

टेल्से : जरासा चढलाय. कोबी, आजोबा. हार्डरनं या वर्षी इतकी पानं टाकलीत, इतकी, की विचारू नका. आणि उन्हाळा कोरडा गेला ना, मग पानात गंधक जास्त उतरतं. मी वाचलं होतं कुठेतरी.

आजोबा : आकडा, टेल्से.

टेल्से : सहाशे चाळीस.

आजोबा : हं.

टेल्से : कोबीच.

आजोबा : ही टाकीच्या कडेची शिडी. माझ्यानं चढवत नाही. तू जा. वर काचेचा झरोका आहे त्यातून बघ. तुळया कशा आहेत ते सांग.

टेल्से : आत्ता?

आजोबा : तुळया उद्या कुठे जाणार आहेत का?

टेल्से : जाते ना. जाते. हे बघा चढले. काच धुरकट आहे. पुसते.

आजोबा : काय दिसतं?

टेल्से : तुळया.

आजोबा : रंग?

टेल्से : पिवळा. पिवळ्या आहेत, आजोबा. छान आहेत.

आजोबा : सगळ्या?

टेल्से : सगळ्याच्या सगळ्या. मस्त पिवळ्या. लोंबताहेत.

आजोबा : बरं. उतर मग. कोबीच असणार. मी हार्डरला फोन करतो, उद्यापासून पानं बंद.

गेबहार्ट : क्लाउसेनसाहेब, हार्डरला फोन करू नका.

टेल्से : गेबहार्ट, तुला गाडी होती ना कुठली तरी!

गेबहार्ट : त्या पिवळ्या नाहीत. पांढऱ्या आहेत. सुताराकडून आणल्यासारख्या. मी धुतल्या. ऑगस्टमध्ये, टाकी उघडी होती तेव्हा. टेल्सेला आत्ताआत्तापर्यंत माहीत नव्हतं, आणि हार्डरचा तर काहीच संबंध नाही.

आजोबा : धुतल्यात.

गेबहार्ट : खरवडून, आणि मग पाण्यानं.

टेल्से : आणि ब्रशनं. आता सांगतोच आहेस तर सगळं सांग.

आजोबा : का?

गेबहार्ट : घाण वाटली.

आजोबा : कुणाला विचारलंत?

गेबहार्ट : नाही. तुम्हाला फोन करावा असं मनात आलं होतं. पण तुम्ही म्हणाला असता, नको.

आजोबा : म्हणालोच असतो.

गेबहार्ट : म्हणून केला नाही. मला इथे एक तरी काम करायचं होतं ज्याला आधी कुणी नको म्हणालेलं नसेल. गाळणीचे पैसे मी भरतो. आणि आज संध्याकाळी मी जातोय, त्यामुळे तुम्हाला हे सारखं सारखं बघावं लागणार नाही.

टेल्से : आजोबा, काहीतरी बोला ना. ओरडा तरी.

आजोबा : हाउके, तुझा बाप, तोही विचारायचा नाही. गिअर तुटला, तर म्हणे थंडीनं. वासरू मेलं, तर डॉक्टरनं. घर मोडलं, तर तुझ्या आईनं. त्याच्या तोंडून ‘मी’ हा शब्द मी फक्त जेवायच्या वेळी ऐकला. मी थोडा कोबी घेऊ का, एवढंच.

टेल्से : आजोबा...

आजोबा : तुला परवाना मिळाला?

टेल्से : मिळाला! पहिल्या फटक्यात! ट्रॉली उलटी मागे घ्यायची होती, दोन खांबांमधून, आणि तो परीक्षक म्हणाला...

आजोबा : टँकर जोड. पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर जा. तिथे तांबडा गाळ साठवलेला असतो, भरून आण. मी फोन करून ठेवतो.

गेबहार्ट : कसला गाळ?

टेल्से : लोखंडाचा! आपल्या जमिनीतलं पाणी गंजकं असतं, प्यायच्या आधी त्यातलं लोखंड काढून टाकतात. तो गाळ शेणकाल्यात मिसळला की गंधक त्याला धरून खाली बसतं, वर येतच नाही. मला कसं सुचलं नाही! आजोबा, आणि तोवर हवेचा पंप जोरात लावू का? जास्त हवा, जास्त जिवाणू, चटकन पिवळं!

आजोबा : टाकी उडवायची आहे? गॅसमध्ये हवा चिमटीभरच. त्याहून एक चिमूट जास्त नाही. पंपाला हात लावायचा नाही.

टेल्से : नाही लावत.

गेबहार्ट : आणि बादल्यांतलं? ते मी जपून ठेवलंय. ते परत तुळयांवर चिकटवता येईल का? आम्ही दात बसवताना एक लेप वापरतो...

आजोबा : राउशरसाहेब, ते मेलेलं आहे. नवे शेणातच असतात. आपले आपण वर चढतात, बसतात. आपण फक्त खरवडायचं नाही. एवढं एक काम जमेल तुम्हाला?

गेबहार्ट : मी सांगितलं ना, माझी संध्याकाळची गाडी...

आजोबा : मोटारीत मागच्या सीटवर बॅग आहे. टॅक्सीतून उतरताना पाहिली. कुबड्या असल्या तरी डोळे आहेत मला. बिघडवून निघून जाणारा एक झाला या घरात. दुसरा नको. तुळया पिवळ्या होईपर्यंत थांबा. मग जायचं तर जा.

टेल्से : किती दिवस लागतात पिवळ्या व्हायला?

आजोबा : त्यांना विचार. टँकर जोडतेस की नाही? आणि यांना शेजारी बसव. गाळाचा पाइप एकट्याला उचलवत नाही.

टेल्से : चल गेबहार्ट, चल! मी चालवणार. तू फक्त घट्ट धरून बस आणि वळणावर डोळे मीट, परीक्षकानंही मिटले होते.

(ऑक्टोबर सरत आला आहे. तीच टाकी, तीच शिडी.)

टेल्से : शहाण्णव! आजोबा, शहाण्णव! काल एकशे दहा होता! थडेन बाईंना सांगू का? त्यांनी सप्टेंबरपासून तीन स्वेटर एकावर एक घातलेत. एकदासुद्धा गार पडलं नाही गावात, तरी घातलेत. हार्डरनं त्यांना सांगितलं म्हणे, क्लाउसेनांकडच्या पाहुण्यानं जिवाणू धुतले.

आजोबा : अख्ख्या गावाला सांगितलंय त्यानं. बॉसेलच्या चेंडूफेकीच्या मैदानावर तेवढाच विषय. तो पाहुणा वर काय करतोय?

टेल्से : काय करणार? रोजचंच. काचेला नाक लावून बसलाय. शाळेतून आले तेव्हाही तिथेच होता. आई म्हणते, माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नाहीस.

गेबहार्ट : आवाज करू नका! म्हणजे, करा, त्यांना ऐकू येत नसेल. क्लाउसेनसाहेब, तिसरी तुळई! डाव्या कडेला, खालच्या अंगाला. काल नव्हतं. आज आहे. नखाएवढं, फिकट. आणि त्याच्या पुढे अजून एक, गाठीपाशी. गाठीच्या खळग्यात बरोबर धरलंय!

आजोबा : रंग?

गेबहार्ट : लोण्यासारखा. नाही, लोण्याहून जरा हिरवट. चौथ्या तुळईवरही बुरा आल्यासारखा वाटतो, पण ते मी शपथेवर सांगणार नाही. उद्या ऊन असताना बघतो.

आजोबा : पुसलं नाहीत ना?

गेबहार्ट : काचसुद्धा पुसली नाही. बाहेरून.

टेल्से : ते दिसतंच आहे. आजोबा, हा मनुष्य बदलला. काल स्वयंपाकघरात चहाच्या किटलीवर डाग होता. यानं पाहिला. मी बघत होते. हात पुढे गेला. थांबला. आणि परत आला!

गेबहार्ट : रात्री झोप नव्हती पण.

आजोबा : उतरा खाली. सावकाश. तुमचा सांधा जुनाच आहे.

टेल्से : आजोबा, आता तुळया पिवळ्या झाल्या, तर तुम्ही म्हणाला होतात, की मग...

आजोबा : झाल्या नाहीत. नखभर म्हणजे पिवळ्या नव्हे. वर्ष तरी जाईल. टेल्से, तोंड तिकडे कर.

टेल्से : का?

आजोबा : हार्डरचा कोबी मोज.

टेल्से : कोबी उचलून नेला त्यांनी केव्हाच. बरं, बरं. केलं. रिकामं शेत बघते.

गेबहार्ट : रुमालात काय आहे हे? अच्छा, कवळी. क्लाउसेनसाहेब...

आजोबा : राइमर म्हन मला. दावीकदे तोचते.

गेबहार्ट : हो. दिसतंय. ही कड हिरडीवर घासते. चारच फटके कानशीचे, राइमर. रात्रीच्या जेवणाआधी देतो. आणि हे मागचं सगळं पिवळं कीटण पण...

आजोबा : ते राहू दे. तोचतं तेवधंच बघ तू.